संगणकाचा पहिला धडा

संगणकाची कळ दाबतांच पडद्यावर अक्षरें उमटतात. परंतु त्यापूर्वीं त्या यंत्राला जागें कोण करतें, हा प्रश्न आपणांस क्वचितच पडतो. मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्यें लिहिलेली बायॉस नांवाची आज्ञावली हें काम करते. हा पहिला धडा यंत्र विसरलें, तर तें निर्जीव पेटी होऊन बसतें.

आयबीएम कंपनीनें ऑगस्ट १९८१ मध्यें आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आणला, तेव्हां त्यांतील बायॉस अवघा ८ किलोबाइटांचा होता व तो कारखान्यांतच कायमचा कोरलेला असे. शिलालेखाप्रमाणें तो पुसतां येत नसे. तसाच, त्यांत राहिलेली चूक सुधारावयाची तर चिपच बदलावी लागे. इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांनीं १९७१ सालींच पुसतां येणारी ईप्रॉम चिप सिद्ध केली होती. परंतु ती काढून अतिनील किरणांखालीं ठेवावी लागे. पुढें तोशिबामधील फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं फ्लॅश स्मृति जगापुढें मांडली. तिच्यामुळें चिप न काढतां केवळ विजेच्या साहाय्यानें जुना मजकूर पुसून नवा लिहितां येऊं लागला.

मात्र पाटी पुसण्याची ही सोय जशी मालकास, तशी उपद्रवी माणसासहि मिळाली. तैवानांतील एका विद्यार्थ्यानें १९९८ मध्यें लिहिलेला 'सीआयएच' व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजीं जागा झाला. ज्या मदरबोर्डांवर त्यास शिरकाव मिळाला, तेथील बायॉसवर त्यानें निरर्थक मजकूर लिहिला. दक्षिण कोरिया व तुर्कस्तान या देशांत मोठी हानि झाली. यंत्र सुरूच होत नसल्यामुळें तें स्वतःचा धडा पुन्हां लिहूंहि शकत नसे. चिप काढून प्रोग्रॅमर या वेगळ्या उपकरणावर लिहावी, तेव्हां तें जागें होई.

या संकटावर दोन उपाय रूढ झाले. एक, चिपचा 'बूट ब्लॉक' हा लहान भाग नेहमींच्या लेखनापासून अलग राखणें. मुख्य मजकूर बिघडला, तरी तो फ्लॉपीवरून चांगली प्रत उतरवून घेई. दुसरा, एकाच मदरबोर्डवर दोन चिपा बसविणें.

आजहि जाणता कारागीर आरंभीं लिहीत नाहीं, वाचतो. वीज तोडून, चिप ३.३ व्होल्टची कीं १.८ व्होल्टची हें तो पाहतो, कारण अधिक दाबानें ती जळते. मग आंतील मजकूर दोनदां वाचून, दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्यावर त्या सुरक्षित ठेवतो. त्यांत पुष्कळदां त्याच यंत्राचा अनुक्रमांक असतो. तो दुसऱ्या यंत्राच्या प्रतींत मिळणार नाहीं. त्यानंतरच त्याच मदरबोर्डसाठीं असलेली प्रत तो लिहितो आणि पुन्हां ताडून पाहतो.

शिलालेख न बदलल्यामुळें टिकला. ज्या लेखास बदलावेंच लागतें, त्याचें रक्षण मात्र बदलापूर्वीं जपलेली मूळ प्रतच करूं शकते.