हलवाऱ्याची संध्याकाळ आणि तिची पुस्तके

आमच्या नंदुरबारात सप्टेंबर म्हटला की नऊ तारीख. १९४२ सालच्या शिरीषकुमारची. सहा तारीख कोणाच्या खिजगणतीत असण्याचे कारण नाही. १९६५च्या युद्धाचा विषय निघाला तरी आपल्याकडे असल उत्तरचे रणगाडे, अब्दुल हमीद, शास्त्रीजी आणि ताश्कंद एवढेच बोलले जाते. आकाशातली लढाई बहुधा कीलर बंधूंपाशी संपते. ६ सप्टेंबर १९६५च्या संध्याकाळी लुधियानाजवळच्या हलवारा तळावर झालेली झुंज अवघ्या काही मिनिटांची होती. तिच्यात एक मराठी आडनाव आहे, पिंगळे. या नावाचा माग काढत गेलो आणि चार-पाच पुस्तके एकमेकांशेजारी उघडून बसावे लागले.

आधी प्रसंग. त्या संध्याकाळी पाकिस्तानी हवाई दलाने पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा या तळांवर एकाच वेळी घाला घालण्याचा बेत केला होता. पठाणकोटला तो साधला. जमिनीवर उभी असलेली आपली विमाने जळाली. हलवाऱ्याकडे स्क्वाड्रन लीडर सरफराज रफिकी, सिसिल चौधरी आणि युनूस हुसेन अशी तीनच सेबर विमाने आली. वर पहाऱ्यावर सात नंबरच्या स्क्वाड्रनची दोन हंटर होती. एकात पी. एस. पिंगळे, दुसऱ्यात आदी गांधी. रफिकींनी पिंगळ्यांचे विमान पाडले. पिंगळे हवाई छत्रीने उतरले. मग रफिकींच्या तोफा अडल्या. पाकिस्तानी कथनानुसार त्यांनी नेतृत्व चौधरींकडे सोपवले आणि स्वतः निःशस्त्र असूनही मागे राहिले. गांधींचे विमानही पडले, तेही छत्रीने वाचले. तेवढ्यात राठोड आणि नेब ही हंटरांची दुसरी जोडी झुंजीत उतरली. रफिकी आणि युनूस हुसेन परत गेले नाहीत. पाकिस्तानात आज एक हवाई तळ रफिकींच्या नावाचा आहे.

हिशेब पाहा. गांधी, राठोड आणि नेब या तिघांनाही वीरचक्र मिळाले, तिघांच्या नावावर एकेक सेबर. पडलेली सेबर मात्र दोन, कारण चौधरी सुखरूप परतले. यात कोणी खोटे बोलले असे मी मानत नाही. एकाच विमानावर दोघांच्या गोळ्या लागू शकतात. ताशी शेकडो मैलांच्या वेगात, झाडांच्या उंचीवर, मागे शत्रू असताना मान वळवून कोण मोजणार? हंटरच्या चार तीस मिलिमीटर तोफांचा एक झोत पुरेसा असे. सेबरला सहा मशीनगन होत्या, पण कमी वेगात ते हंटरपेक्षा चपळ वळे. ही यंत्रांची बाजू ठाऊक नसेल तर वैमानिकाच्या निर्णयांचा अर्थच लागत नाही. म्हणून मी नुसत्या शौर्यकथांच्या पुस्तकांना फारसे मोजत नाही.

जॉन फ्रिकर यांचे ‘बॅटल फॉर पाकिस्तान’ १९७९चे. ते पाकिस्तानी बाजूने लिहिलेले आहे हे पानोपानी जाणवते. पण ते टाकून देऊ नये. ७ सप्टेंबरला सरगोध्यावरच्या हल्ल्यात आपले स्क्वाड्रन लीडर देवय्या परतले नव्हते. त्यांनी आपल्या जुन्या मिस्तेरने एका स्टारफायटरला पाडले, ही गोष्ट आपल्याला या ‘शत्रूच्या’ पुस्तकामुळे कळली. देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र १९८८ साली मिळाले, तेवीस वर्षांनी. एका परक्या पुस्तकाने आपल्या एका घराला एवढे दिले.

आपल्याकडे पी. सी. लाल यांच्या आठवणी १९८६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर आल्या. त्या मोठ्या अधिकाऱ्याच्या नजरेतून आहेत. धोरण कळते, झुंज कळत नाही. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने युद्धाचा अधिकृत इतिहास १९९२ साली सिद्ध केला, पण बाजारात ग्रंथरूपाने तो २०११मध्ये आला. या दिरंगाईचे समर्थन मला करता येत नाही. लढलेली माणसे तोवर म्हातारी झाली होती, काही गेली होती.

पी. व्ही. एस. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांचे २००५चे ‘द इंडिया-पाकिस्तान एअर वॉर ऑफ १९६५’ हा माझ्या मते या विषयाचा पाया. दोघेही गणवेशातले नाहीत. चोप्रा तर तत्त्वज्ञान शिकवणारे. पण दोन्ही बाजूंचे दावे त्यांनी पडताळून पाहिले आणि आपल्या दाव्यांनाही सूट दिली नाही. त्याला जोड म्हणून कैसर तुफैल या पाकिस्तानी वैमानिकाचे हवाई लढायांवरचे पुस्तक घ्यावे. मराठी वाचकाने राम प्रधान यांचे यशवंतराव चव्हाणांच्या रोजनिशीवर आधारलेले पुस्तकही वाचावे. १ सप्टेंबरच्या संध्याकाळी छांबमध्ये हवाई दल उतरवण्याचा निर्णय कऱ्हाडच्या या माणसाने घेतला आणि त्याच संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर पडली. निर्णयाचे ओझे काय असते ते तिथे कळते.

आता पुन्हा पिंगळे. सहा तारखेला विमानातून उडी टाकलेला हा माणूस १६ सप्टेंबरला पुन्हा हंटरमध्ये होता, सोबत फारुख बुन्शा. समोर एम. एम. आलम आणि त्यांचा जोडीदार शौकत. आलम यांनी बुन्शांना पाडले, बुन्शा गेले. पिंगळ्यांनी शौकतचे सेबर पाडले. शौकत छत्रीने उतरून युद्धकैदी झाले. पिंगळ्यांना वीरचक्र मिळाले. आलम यांच्या नावावर पाकिस्तानात जी नऊ विमाने सांगितली जातात, त्यांत या दिवसाची दोन हंटर आहेत. एक बुन्शांचे. दुसरे पिंगळे स्वतः तळावर परत घेऊन आले होते.