नाद, अनल आणि प्रमाण

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें १३ व्या शतकांत रचिलेल्या संगीतरत्नाकरांत 'नाद' शब्दाची फोड दिली आहे : नकार म्हणजे प्राण, दकार म्हणजे अनल, व उभयतांच्या संयोगानें नाद. यावरून उष्णतेचा ध्वनि करणारें यंत्र आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें असें अनुमान कोणी काढील, तर तें आम्हांस मान्य नाहीं. तो अनल देहांतील आहे. मनाच्या प्रेरणेनें तो वायूस हालवितो, एवढाच ग्रंथकाराचा आशय. यंत्राचें प्रमाण निरुक्तींत नसतें, तें त्याच्या जमाखर्चांत असतें.

तो जमाखर्च आतां पाहूं. हायड्रोजनची ज्योत नळींत धरली असतां सूर निघतो, हें ब्रायन हिगिन्स यानें १७७७ सालीं पाहिलें. वृत्तांत मात्र १८०२ सालीं छापला गेला. काच फुंकणाऱ्यांच्या तापलेल्या फुग्यांतून निघणारा सूर झोंडहाउस यानें १८५० सालीं अभ्यासिला. रायके यानें १८५९ सालीं उभ्या नळीच्या खालच्या अर्ध्यांत तापलेली जाळी ठेवून नाद काढला. कारण सांगितलें तें लॉर्ड रॅले यांनीं, १८७८ सालीं : वायु दाटतो त्या क्षणीं उष्णता मिळाली व विरळ होतो त्या क्षणीं ती निघून गेली, तर कंप वाढतो.

तरी कार्यक्षम यंत्र होण्यास आणखी शतक उलटलें. १९९९ सालीं अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथें बॅकहाउस व स्विफ्ट यांनीं वातावरणाच्या सुमारें ३० पट दाबाखालीं हीलियम भरून उष्णतेचा शेंकडा ३० भाग ध्वनींत उतरविला; ती शक्ति ७१० वॅट. कार्नोच्या नियमानें ठरणाऱ्या परम मर्यादेचा हा शेंकडा ४१ भाग होय. शक्ति ८९० वॅटांपर्यंत चढवितांच तो भाग शेंकडा २२ वर आला.

यंत्रांत हालणारा भाग नाहीं ही त्याची कीर्ति खरी, पण ध्वनीपर्यंतच. ध्वनीची वीज करावयाची म्हणजे हालणारा दट्ट्या आलाच. २००४ सालच्या अशा यंत्रानें उष्णतेचा शेंकडा १८ भाग विजेंत आणिला, तोहि ३९ वॅट घेतांना. ५८ वॅट घेतांना शेंकडा १५.

या आंकड्यांस पोथीचा आधार नको, व शार्ङ्गदेवाच्या थोरवीस या आंकड्यांचा नको. कोणा संग्राहकाच्या दप्तरांत अशा यंत्राची कृति व मोजमाप सांगणारें पान निघाल्यास त्यानें तें अवश्य प्रसिद्ध करावें. आम्ही आनंदानें आपलें मत फिरवूं. तोंपर्यंत दोन अक्षरांवर इमारत उभारूं नये, इतकीच विनंति.