उलटी करून पाहावी अशी वाघीण

आगगाडीच्या छोट्या प्रतिकृती पाहायला आलेला माणूस आधी इंजिनाकडे वळतो. त्याचे दिवे, त्याची शिट्टी, चाकांना फिरवणारे दांडे यांच्यापुढे मागचे मालडबे शेपटासारखे वाटतात. तरीही या छंदाचा शंभर वर्षांचा इतिहास वाचायचा असेल तर तो वाघिणींमध्ये वाचावा, असे माझे मत आहे. (‘वॅगन’ची आपल्या माणसांनी वाघीण केली आणि रेल्वेच्या मराठी बातम्यांत ती आजही धावते. तोच शब्द मी येथे वापरतो.) इंजिनाच्या दिमाखात पुष्कळ गोष्टी झाकल्या जातात. वाघीण साधी असते, त्यामुळे ती कोणाच्या हातांसाठी बनवली, कोणत्या रुळांवर धावणार होती आणि बनवणाऱ्याला खऱ्या रेल्वेची किती ओढ होती, हे तिच्यात उघडे दिसते.

क्षेत्र मोठे आहे. जर्मनीत मेर्कलिन, इंग्लंडमध्ये हॉर्नबी अशी थोर घराणी उभी राहिली. येथे मात्र आपण अमेरिकेतील वाघिणी पाहू, कारण जुने आणि नवे यांतील अंतर तेथे सर्वांत ठळक आहे. वाचकांनी सुरुवातीला दोनच मापे लक्षात ठेवावीत. ‘ओ’ या मापात अमेरिकेत प्रतिकृती खऱ्या डब्याच्या ४८व्या हिश्श्याएवढी असते, तर ‘एचओ’ मापात ८७व्या. पहिल्यातील रुळांमधले अंतर सुमारे ३२ मिलिमीटर, दुसऱ्यातले १६.५ मिलिमीटर. बाकीची मापे पुढे आपोआप कळत जातात.

जोशुआ लायनेल कॉवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली लायनेल कंपनी हे जुन्या परंपरेचे सर्वांत मोठे नाव. तिच्या गाड्या घरातल्या जमिनीवर धावत. तिच्या लहान रुळांचे वर्तुळ २७ इंच व्यासाचे होते. ४८ने गुणले की हा व्यास १०८ फूट होतो. इतक्या अरुंद वर्तुळात खरी मालगाडी वळूच शकणार नाही. प्रमाणात बांधलेला लांब डबाही तेथे अडखळला असता. म्हणून जुन्या वाघिणी पुष्कळदा आखूड केलेल्या, चाकांच्या कडा खोल आणि डबे जोडणारी कपलिंगे भलीमोठी. नव्या प्रतिकृती पाहून आलेल्याला हे ओबडधोबड वाटते. पण सात वर्षांच्या मुलाने गाडी वेगात वळवली तरी डबे रुळांवर राहिले पाहिजेत, ही अट समोर ठेवली की त्यातली हुशारी दिसू लागते.

१९४७ साली बाजारात आलेली लायनेलची दुधाची वाघीण हाती घेऊन पाहा. तिचा क्रमांक ३४६२. छतावरच्या झडपेतून धातूच्या इवल्याशा बरण्या आत सोडायच्या, वाघीण फलाटाशी आणून उभी करायची आणि बटण दाबायचे. दार उघडते, पांढऱ्या कपड्यातला गवळी पुढे येतो, बरणी फलाटावर ठेवतो आणि आत जातो. पुन्हा बटण, पुन्हा बरणी. आता ती उलटी करा. विशिष्ट रुळांवरून वीज उचलणाऱ्या सरकपट्ट्या खाली दिसतील आणि पोटात तारेचे वेटोळे व चुंबकाच्या ओढीवर चालणारी यंत्रणा. खऱ्या डब्याखाली असतात ती ब्रेकची नळकांडी आणि दांडे येथे शोधून सापडत नाहीत. त्या जागेवर खेळाचा हक्क होता.

एचओ मापाने ही दृष्टी बदलली. १९५०च्या दशकात अ‍ॅथर्न कंपनीचे प्लॅस्टिकच्या डब्यांचे संच निळ्या खोक्यांतून घरोघरी गेले. स्क्रूड्रायव्हर हाती असला की अर्ध्या तासात वाघीण तयार. शिड्या आणि हाताने धरायच्या कड्या अंगातच साच्याने उठवलेल्या, वजनासाठी तळाशी लोखंडी पट्टी, टोकांना आकड्याची कपलिंगे. आजची वाघीण याच घराण्यातली, पण पुष्कळ पुढे गेलेली. तिच्या धरायच्या कड्या वेगळ्या, केसाइतक्या बारीक तारेच्या असतात. छतावरची चालपट्टी जाळीदार असली तर तिच्यातून खालचे छत दिसते. बाजूवरची भारमर्यादेची अक्षरे भिंगातून वाचता येतात. केडी कंपनीने लोकप्रिय केलेले कपलिंग खऱ्या कपलिंगासारखे मुठीच्या घाटाचे असते आणि रुळांखालच्या चुंबकाने सुटते.

या बारकाव्यांमुळे वाघिणीला काळ चिकटतो. अमेरिकेत १९६६ नंतर बांधलेल्या बंद मालडब्यांवर छतावरची चालपट्टी राहिली नाही. म्हणून १९७५ साली नव्याने बांधलेला डबा दाखवायचा आणि त्यावर चालपट्टी ठेवायची, ही आजच्या जाणकाराच्या लेखी चूक आहे. लायनेलच्या काळात असा प्रश्न फारसा कोणी विचारला नसता.

चाकांबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण नवे लोक येथेच फसतात. जुन्या लायनेलच्या रुळांना तीन पट्ट्या असत. वीज मधल्या पट्टीतून येई आणि बाजूच्या दोन्हींतून परत जाई. त्यामुळे दोन्हीकडची चाके धातूच्या आसाने जोडलेली असली तरी बिघडत नसे. दोन रुळांच्या पद्धतीत एक रूळ येण्याचा, दुसरा जाण्याचा. तेथे ही चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने तोडलेली असावी लागतात. रुंदी तीच म्हणून जुनी ‘ओ’ वाघीण दोन रुळांवर ठेवलीत तर ती बसेल, पण त्याच क्षणी शॉर्टसर्किट होईल. एचओमध्ये अडचण निराळी. तेथे पूर्वी ०.१०० इंच उंचीचे रूळ सर्रास असत. आता ०.०८३ इंचाचेही पुष्कळ वापरात आहेत, आणि जुन्या खोल कडेची काही चाके त्यांच्या खिळ्यांवर आदळत जातात.

वजनाचाही हिशेब आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या एनएमआरए या अमेरिकी छांदिष्टांच्या संघटनेची शिफारस अशी: एचओ वाघिणीचे वजन मुळात एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचामागे अर्धा औंस. सहा इंचांची वाघीण म्हणजे चार औंस, सुमारे ११३ ग्रॅम. घरातल्या तराजूवर हे पाहता येते.

तुम्ही या विषयात नवे असाल तर आधी काही विकत घेऊ नका. पुण्यात असाल तर कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहून या. त्या वेळी इंजिनांवरून नजर काढून मागच्या डब्यांकडे, त्यांच्या चाकांकडे आणि जोडांकडे लक्ष द्या. मग कधी एक जुनी आणि एक नवी वाघीण शेजारी ठेवता आली तर दोन्ही उलट्या करा. जुनीला नवीच्या बारकाव्याने मोजू नका आणि नवीला जुनीसारखी जमिनीवर पळवू नका. तारेची कडी एका पडण्यात तुटते.

आणि एक विनंती. माळ्यावर, जुन्या बाजारात किंवा परदेशातल्या नातलगाच्या घरी जुनी वाघीण सापडली तर तिला नवा रंग देऊ नका. मूळ रंग आणि अक्षरे हाच तिचा दाखला आहे. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडा, आसांना थेंबभर हलके तेल द्या, आणि ती ज्या खोक्यात मिळाली ते खोके फाटके असले तरी ठेवून द्या.