पाठीवरचे मूल

राणी लक्ष्मीबाईंनी घोड्यासह तटावरून उडी घेतली, ती जागा झाशीच्या किल्ल्यात आजही दाखवतात. एवढ्या उंचीवरून घोडा वाचेल कसा, हा वाद जुना आहे. शहरातले राणीचे अश्वारूढ पुतळे पाहताना मी मात्र तिच्या पाठीला बांधलेल्या मुलापाशी थांबतो. शिल्पकार त्याला अगदी लहानगा घडवतात. एप्रिल १८५८ मध्ये दामोदरराव आठ-नऊ वर्षांचे होते.

पाहणाऱ्याला त्या मुलात आईची माया दिसते. पण झाशीचा सगळा तंटा त्याच्यावरूनच होता. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी त्याला दत्तक घेतले. डलहौसीने ते दत्तक नामंजूर केले आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. राणीने पाठीशी बांधला आहे तो झाशीच्या गादीवरचा हक्क.

पुढे दामोदरराव इंग्रजांनी दिलेल्या तनख्यावर इंदुरात राहिले आणि १९०६ मध्ये वारले. हे दगडात कोण कोरणार? उडीचा वाद मिटला नाही तरी चालेल. त्या मुलाचे वय तेवढे शिल्पकारांनी खरे दाखवावे.