गिरणगांवांतील जन्ममृत्यूंचा हिशेब

१९२१ सालीं मुंबईंत एका खोलीच्या बिऱ्हाडांतून हजार जन्मांमागें ८२८ अर्भकांचे मृत्यु नोंदले गेले. चार वा अधिक खोल्यांच्या घरांतून १३३. आंकडा ऐकून काळीज हादरतें. पण तो पारखूनच घेतला पाहिजे. गिरणीकामगाराचें लग्न बहुधा गांवीं लागे आणि पुष्कळ बायका बाळंतपणासही गांवींच जात. जन्माची नोंद तिकडे होई. मूल चाळींत आल्यावर दगावलें, तर मृत्यु मुंबईच्या खातीं पडे. भाजक घटे, भाज्य वाढे. १९२६ सालीं परळास नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह निघालें व शहरांतच बाळंतपणाची सोय वाढली. आंकडा फुगलेला होता खरा. परंतु अंधाऱ्या, कोंदट खोलींतला रिकामा पाळणा कांहीं हिशेबाची चूक नव्हता.