कोळशाचा डबा : अस्सलपणाच्या पुराव्याची एक गोष्ट

कलघटगीचा पाळणा आणि धारवाडचा पेढा ही जोडी आमच्या भागात अजून लोकांच्या तोंडी आहे. पेढ्याविषयी येथे काही सांगत नाही. पाळणा मात्र सागवानी, लाखेच्या रंगांनी रंगवलेला आणि बाजूंवर पुराणकथांची चित्रे काढलेला असा असतो. साध्या लाकडाचा, ऑइल पेंटने रंगवलेला पाळणाही लांबून तसाच दिसतो. म्हणून जाणते गिऱ्हाईक चित्रांत न रमता पाळणा उलटा करून पाहते. रंग पोचला नाही तेथे लाकूड दिसते, आणि काय ते तेथेच कळते.

जुन्या मोटारींच्या परीक्षेतही अशीच एक आडबाजू आहे. चकचकीत रंग, पितळी कर्णा, चामड्याच्या गाद्या यांवर प्रेक्षकांची नजर खिळते. पण १९७० च्या सुमाराच्या स्पोर्ट्स मोटारीचे बॉनेट उघडले, तर एका कोपऱ्यात दोन-तीन रबरी नळ्या जोडलेला एक काळा डबा असतो, किंवा नसतो. त्यात कोळसा भरलेला असतो. तो मुळात होता की नव्हता, असेल तर हाच होता की नंतर आणून बसवला, या प्रश्नावर आज इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्ष घालावे असे मला वाटते. हुबळीत गॅरेज चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी या डब्याची शंका घेऊन आला, तेव्हा ‘सर, तुम्ही इतिहासवाले, तुम्हीच सांगा’ असे म्हणाला. मोटारीतले मला फारसे कळत नाही. पण त्याने पुढे ठेवलेले कागद वाचताना प्रश्न ओळखीचा निघाला.

हा प्रश्न आताच का उभा राहिला, तेही सांगितले पाहिजे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या गाड्यांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्या तीत येतात. नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्ही.ए.’ ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, फेरनोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापराला किंवा धंद्याला अशी गाडी काढता येत नाही. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही मुख्य अट. आता पन्नास वर्षांची ही रेघ दरसाल एकेक वर्ष पुढे सरकते. दसऱ्याला कोल्हापूरच्या मिरवणुकीत निघणारी छत्रपतींची मेबॅक पाहायला आपण गर्दी करतो. ती १९३०च्या दशकातली, म्हणजे कोळशाच्या डब्याच्या कितीतरी आधीची. पण आज १९७० ते १९७५ मधल्या गाड्या ‘जुन्या’ होऊ लागल्या आहेत, आणि नेमकी हीच वर्षे या डब्याच्या जन्माची आहेत.

डब्याचा जन्म कॅलिफोर्नियात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लॉस एंजेलिस शहरावर उन्हाळ्यात पिवळट धुरके साचत असे, लोकांच्या डोळ्यांची आग होई, टायरच्या रबराला भेगा पडत. मूळचे डच असलेले आरी हागेन-स्मिट हे रसायनशास्त्रज्ञ तेथे प्राध्यापक होते आणि अननसाच्या स्वादद्रव्यांवर त्यांचे काम चालले होते. त्यांनी हे धुरके तपासायला घेतले. पेट्रोलच्या वाफा व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे १९५०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दाखवून दिले. मोटार कंपन्यांना ते पटायला वेळ लागला. पुढे १९६७ साली त्या राज्याने हवेसाठी मंडळ नेमले, त्याचे पहिले अध्यक्ष हेच हागेन-स्मिट. अननसाच्या वासामागे लागलेला माणूस पेट्रोलच्या वासापर्यंत पोचला, याची मला गंमत वाटते.

त्यानंतरचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आधी इंजिनच्या पोटातली वाफ परत इंजिनात वळवली गेली : कॅलिफोर्नियात १९६१ च्या गाड्यांपासून, उरलेल्या अमेरिकेत १९६३ पासून. मग धुराड्यातून निघणाऱ्या धुरावर मर्यादा आली : तेथे १९६६, इतरत्र १९६८. शेवटी उभ्या गाडीतून उडून जाणाऱ्या वाफेची पाळी आली : कॅलिफोर्नियात १९७०, देशभर १९७१. दर वेळी एक राज्य पुढे आणि देश मागे. हा दोन-एक वर्षांचा फरकच पुढे अस्सलपणाच्या वादाचे मूळ ठरला.

उभी गाडी हवा कशी बिघडवते, असे कुणी विचारील. पेट्रोलची टाकी श्वास घेते. दुपारी तापली की वाफ फुगून बाहेर पडते, रात्री निवली की बाहेरची हवा आत ओढली जाते. जुन्या गाड्यांच्या टाकीच्या झाकणाला त्यासाठीच बारीक छिद्र असे. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोलही इंजिन बंद केल्यावर उष्णतेने उडते. नव्या कायद्याने झाकण बंद झाले, टाकीत फुगायला मोकळी जागा ठेवली गेली आणि वाफ एका नळीने कोळशाच्या डब्याकडे नेली गेली. हा कोळसा चुलीतला नव्हे. त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडलेली असतात आणि त्यांच्या भिंतींना वाफ चिकटून राहते. इंजिन सुरू झाले की त्याच्या ओढीने बाहेरची हवा कोळशातून शिरते, चिकटलेली वाफ सोडवून घेते आणि इंजिनात जाळून टाकते. म्हणजे रात्री साठवण, दिवसा खर्च. सगळ्यांनी हाच मार्ग घेतला असेही नाही. क्रायस्लरने आरंभी डबा न लावता वाफ इंजिनच्या पोटातच साठवून पाहिली होती. तेव्हा त्या काळातली प्रत्येक अमेरिकी गाडी डबेवालीच असली पाहिजे, हे गृहीतही धरता येत नाही.

मोजमापाचा भाग तर शिक्षकाला आवडेल असा आहे. १९७१ साली एका चाचणीत सहा ग्रॅम वाफेची मुभा होती, १९७२ ला ती दोन ग्रॅमवर आली. पण चाचणी घेताना गाडीच्या ठराविक तोंडांवरच कोळशाचे सापळे लावत. ज्या दारावर पहारा नाही तेथून वाफ खुशाल निघून जाई, आणि कागदावर गाडी पास. म्हणून १९७८ पासून सबंध गाडीच एका बंद खोलीत कोंडून खोलीतली हवा तपासू लागले. तेव्हा मर्यादा पुन्हा सहा ग्रॅमवर न्यावी लागली आणि १९८१ ला दोनवर आणली. आकडा तोच, अर्थ निराळा. कॉपी पकडण्याची तऱ्हा बदलली की निकालाची टक्केवारी कशी बदलते, हे आम्हा शाळावाल्यांना कुणी सांगायला नको.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एम.जी. हे नाव हल्ली आपल्या रस्त्यांवर गुजरातेत बनणाऱ्या गाड्यांमुळे ऐकू येते. मूळ एम.जी. म्हणजे इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचे ‘मॉरिस गॅरेजेस’. त्यांची ‘एम.जी.बी.’ ही दोन आसनी स्पोर्ट्स मोटार १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डन येथे तयार झाली. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. त्यामुळे एकाच वर्षी, एकाच छपराखाली, दिसायला एकसारख्या गाड्या निघत असूनही १९७० सालच्या कॅलिफोर्नियाच्या गाडीला डबा होता, इतर राज्यांच्या गाडीला नव्हता आणि इंग्लंडच्या घरच्या गाडीला तर नव्हताच. ‘१९७० ची अस्सल एम.जी.बी. कशी असते?’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. कोणत्या गावाला सासरी दिलेली, हे आधी विचारायला हवे.

येथे मला आपल्याच विद्वानांची आठवण होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान देण्यासाठी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. त्याची पद्धत विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिली. त्यांनी उत्तरेची आणि दक्षिणेची अशा दोन परंपरा वेगळ्या केल्या आणि मगच नंतर घुसलेला मजकूर कोणता ते ठरवले. दोन परंपरांची सरमिसळ केली तर असा पाठ तयार होतो, जो कोणत्याही काळी कुणीही वाचला नव्हता. कॅलिफोर्नियाचा डबा इंग्लंडच्या गाडीला लावला की तेच होते. सुटे भाग सगळे खरे, पण गाडी खोटी.

मग तपासायचे कसे? पहिला पुरावा कारखान्याच्या वहीचा. गेडन येथील ब्रिटिश मोटार संग्रहालयात या कारखान्याच्या नोंदवह्या जपल्या आहेत आणि त्यांवरून चासी नंबर, मूळ इंजिन नंबर, बांधणीची तारीख, रंग, कोणत्या बाजारासाठी रवाना झाली, याचा दाखला रीतसर मिळतो. शाळेच्या जनरल रजिस्टरचाच हा प्रकार. पुढे कुणी जन्मतारीख कितीही बदलून मागो, पहिल्या दिवशी शाईने लिहिलेली नोंद मुख्याध्यापकाला आधी पाहावी लागते. मात्र वहीत ‘उत्तर अमेरिका’ एवढेच असेल तर कॅलिफोर्निया सिद्ध होत नाही. तेव्हा इंजिन नंबरच्या आरंभीची अक्षरे पाहावीत. ‘१८ जी.एच.’ हे अमेरिकेचे साधे इंजिन, ‘१८ जी.जे.’ हे त्याचेच वाफ रोखणाऱ्या साधनांसह निघालेले भावंड, आणि पुढे १९७१ च्या गाड्यांना ‘१८ जी.के.’. पण पन्नास वर्षांत इंजिन बदललेले असू शकते, म्हणून गाडीवरचा नंबर वहीतल्या नंबराशी ताडून पाहिल्याखेरीज या अक्षरांना किंमत नाही. कंपनीच्या सुट्या भागांच्या जुन्या कॅटलॉगात अमुक चासी नंबरापासून अमुक भाग, अशा नोंदी असतात. त्या तिसऱ्या साक्षीदार.

चौथा साक्षीदार खुद्द पत्रा. डबा बसवायच्या कडीची भोके कारखान्यात पडली असतील तर भोकाच्या काठावरही मूळ रंग चढलेला असतो. नंतर ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड उघडी असते, किंवा तिच्यावरचा रंग वेगळा असतो. टाकीला वरच्या बाजूला वाफेची नळी जोडण्याचे तोंड आहे का? टाकीचे झाकण बंद आहे की छिद्राचे? इंजिनच्या तेलाच्या झाकणाचेही तसेच. डबा असलेल्या एम.जी.बी.त हवा डब्यातूनच आत यायची, म्हणून हे झाकणही बंद असते. डबा चकाचक पण तेलाचे झाकण छिद्राचे, असे आढळले की समजावे, कुणीतरी पाळणा फक्त वरून रंगवला आहे.

हा नुसता हौशी लोकांचा वाद नाही. अमेरिकेत कित्येक मालकांनी ही ‘नसती ब्याद’ म्हणून डबे काढून भंगारात टाकले. डबा काढून नळी बुजवली आणि टाकीचे झाकण मात्र बंदच ठेवले, तर पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत पोकळी होते, पंपाला पेट्रोल मिळत नाही आणि गाडी रस्त्यात गचके खाऊन बंद पडते. नळी उघडीच सोडली तर वाफ गॅरेजमध्ये साठते. आमच्याकडे गाडी घराखालीच ठेवतात, शेजारी देवघराची समई किंवा स्वयंपाकाचा गॅस, मग काय होऊ शकते ते सांगायला नको.

आपल्या देशी गाड्यांची गोष्ट उलटी आहे. कुर्ल्याची फियाट, जिला १९७४ पासून पद्मिनी म्हणू लागले, किंवा उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर, यांना त्या वर्षांत असला डबा नव्हता, कारण तसा कायदाच येथे नव्हता. पेट्रोलच्या गाड्यांच्या धुराला वजनी मर्यादा लागल्या त्याच मुळी १९९१ मध्ये. तेव्हा १९७३ च्या फियाटमध्ये डबा नसणे हेच तिचे अस्सलपण. एखाद्या उत्साही मिस्त्रीने नव्या मारुतीचा डबा तिला लावून ‘साहेब, पूर्ण फिटिंग’ म्हटले तरी तो प्रक्षेपच. आणि आर.सी. बुकाचा येथे उपयोग नाही. आमच्या धारवाड जिल्ह्याची गाडी १९५६ पर्यंत मुंबई राज्याची, मग म्हैसूरची, १९७३ च्या नोव्हेंबरपासून कर्नाटकाची. शिक्के बदलले, पण इंजिन आणि चासीचे नंबर यांसारख्या ठरावीक नोंदी वगळता गाडीच्या पोटातले त्या पुस्तकात काहीच नाही.

२०२१ च्या नियमातही चासी, बॉडी, इंजिन एवढेच पाहतात. समितीने प्रत्येक नळी मोजावी असे माझे म्हणणे नाही. तसे झाले तर एकही गाडी पास व्हायची नाही. पण अर्जासोबत एका कागदावर मालकाने मूळ भाग कोणते, बदललेले कोणते, नसलेले कोणते हे लिहून द्यायला काय हरकत आहे? नसलेल्या डब्याची कबुली देणारी गाडी मला नव्या डब्याने सजलेल्या गाडीपेक्षा अधिक विश्वासाची वाटते.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले. मूळ डबा हाती लागला तर कोळसा निकामी झाला म्हणून तो फेकू नकोस. तळाची गाळणी आणि नळ्या बदलाव्या लागतील, त्या बदल. काढलेल्या नळ्या पिशवीत घालून तिच्यावर तारीख आणि चासी नंबर लिहून मालकाच्या हवाली कर. डबा काढण्यापूर्वी भोकांचे फोटो घे, आणि रंगारी येण्याच्या आधी घे.