एका मताचे मोल

राज्यपद्धतीचे मर्म घटनेच्या पोथीत जितके उमगते, त्याहून अधिक ते एखाद्या मतमोजणीच्या क्षणी उमगते. म्हणून आज तीन देशांतील तीन मतमोजण्यांची हकीकत सांगावयाची आहे.

पहिली अमेरिकेतील. लिंकन यांच्या हत्येनंतर १८६५ साली अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले. यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेला कोणत्या अटींवर पुन्हा संघात घ्यावे, मुक्त झालेल्या गुलामांना कोणते हक्क द्यावेत, यावरून त्यांचे आणि काँग्रेसचे हाडवैर जडले. युद्धमंत्री स्टँटन यांना काढून टाकल्याचे निमित्त झाले आणि त्यांच्यावर महाभियोग आला. १६ मे १८६८ रोजी सिनेटमधील ३५ सभासदांनी त्यांना दोषी ठरविले, १९ जणांनी निर्दोष. दोनतृतीयांश मतांसाठी ३६ हवी होती. एका मताने जॉन्सन वाचले व मुदत संपेपर्यंत, म्हणजे मार्च १८६९ पर्यंत, पदावर राहिले. कायदेमंडळाचा विश्वास केव्हाच उडालेला होता. पण अध्यक्षीय पद्धतीत तेवढ्याने भागत नाही. तेथे अध्यक्षाला मुदतीपूर्वी दूर करावयाचे, तर त्याला अपराधी ठरवावे लागते.

दुसरी मतमोजणी दिल्लीची. एका सहकारी पक्षाने पाठिंबा काढून घेतल्यावर पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी लोकसभेत विश्वासदर्शक ठराव मांडला. १७ एप्रिल १९९९ रोजी ठरावाच्या बाजूने २६९ मते पडली, विरुद्ध २७०. ना आरोपपत्र, ना खटला; एक मत उणे पडले आणि सरकार गेले. पर्यायी सरकारही कोणास बनविता आले नाही. आदल्याच वर्षी मतदान केलेल्या देशाला त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा मतदान करावे लागले. जबाबदारीची ही किंमत थोडी नव्हे.

तिसरी मतमोजणी पॅरिसची, आणि ती सर्वांत विलक्षण. फ्रान्सच्या चौथ्या प्रजासत्ताकाने १९४६ ते १९५८ या बारा वर्षांत वीसांहून अधिक मंत्रिमंडळे पाहिली. अल्जेरियाच्या वणव्यात ते कोसळले तेव्हा द गॉल यांनी नवी घटना आणली. तीत बलवान अध्यक्षही होता आणि संसदेला जबाबदार पंतप्रधानही होता. पुढे अध्यक्षाची निवड थेट जनतेने करावी म्हणून द गॉल यांनी संसदेला वळसा घालून सार्वमत पुकारले. संतापलेल्या सभेने ५ ऑक्टोबर १९६२ रोजी पाँपिदू यांच्या मंत्रिमंडळावर २८० मतांनी अविश्वास दर्शविला. अध्यक्षांनी सभाच विसर्जित केली! विश्वास गमावला मंत्रिमंडळाने, घर सोडावे लागले सभेला. सार्वमतात व निवडणुकीत द गॉल जिंकले. पाँपिदू पुन्हा पंतप्रधान झाले. मात्र हे पारडे उलटेही फिरते. १९८६ साली सभेत विरोधकांचे बहुमत आले, तेव्हा अध्यक्ष मितराँ यांना प्रतिपक्षाचे शिराक यांच्याशी संसार करावा लागला. घटनेचे अक्षरही न बदलता देशाचा कारभार पंतप्रधानाच्या हाती गेला.

ही निवड आपल्यापुढेही होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिची नेमकी मांडणी केली. शासन स्थिरही हवे आणि जबाबदारही हवे. पण दोन्ही गुण सारख्याच मापाने देणारी पद्धती नाही. अध्यक्षीय पद्धतीत हिशेब ठराविक मुदतीने होतो. संसदीय पद्धतीत प्रश्न, ठराव व चर्चा यांतून तो रोजच्या रोजही होतो. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक पसंती दिली.

परंतु रोजचा हिशेब मागणारा सभासद मोकळा असला पाहिजे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने सत्तेच्या बाजारावर लगाम घातला हे खरेच. पण त्याचबरोबर पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सभासदत्वही धोक्यात आले. बाजार थांबावा आणि विवेकही जिवंत राहावा, हा तिढा अद्याप सुटलेला नाही. जॉन्सन यांना वाचविणाऱ्यांत त्यांच्या विरोधी असलेल्या रिपब्लिकन पक्षाचेच सात सभासद होते. त्यांनी पक्षाचा रोष पत्करला, पण मत स्वतःचे दिले. पद्धती कोणतीही असो, मताचे मोल शेवटी ते देणाऱ्याच्या स्वातंत्र्याएवढेच असते.